रिकामा बोल्ट मागेपुढे करून काय कळतं?

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी ट्रिगरच्या वजनाबद्दल लिहिलं होतं आणि त्यानंतर जी पत्रं आली, व्हॉट्सॲपवर जे मेसेज आले, त्यात बरेचसे एकाच गोष्टीवर घुटमळत होते, बोल्ट कडक आहे, बोल्ट खडखडतो, बोल्ट मऊ पाहिजे का. बोल्ट म्हणजे रायफलीचं मागचं तोंड उघडबंद करणारा, हँडल असलेला पोलादी दांडा, आणि मऊ म्हणजे सहज चालणारा. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतो. मी महूला आर्मररचं, म्हणजे फौजेच्या बंदुका दुरुस्त करायचं, काम केलं, निवृत्तीनंतर इंदूरला रेंजवर पोरांच्या रायफली बघतो, त्यामुळे जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न: माझी मुलगी १४ वर्षांची आहे, तीन वर्षं १० मीटर एअर रायफल करतेय. आता कोच म्हणतात ५० मीटरला .२२ ची काडतुसाची रायफल सुरू करू. क्लबची एक जुनी जर्मन रायफल मिळतेय पण तिचा बोल्ट उचलायला जोर लागतो. दुसऱ्या एका मुलाची नवी रायफल बघितली, बोटानं ढकलला तरी बोल्ट सरकतो. काका, एवढ्यासाठी नवी घ्यावी का? लाखांचा खर्च आहे. — एक वडील, सुदामा नगर, इंदूर

अजिबात घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. आधी हे समजून घ्या की तुमच्या मुलीनं आजवर बोल्ट वापरलेलाच नाही, एअर रायफलला बाजूचा छोटा लिव्हर असतो, छर्रा ठेवला, लिव्हर बंद केला, झालं. आता पहिल्यांदाच तिला हँडल वर उचला, मागे ओढा, काडतूस ठेवा, पुढे ढकला, खाली दाबा असं करायचंय आणि तेही दर शॉटला, कारण ५० मीटरच्या स्पर्धेत मॅगझिन चालत नाही, एकेक काडतूस हातानं भरावं लागतं. थ्री पोझिशनला गुडघ्यावर २०, झोपून २०, उभं राहून २० असे ६० शॉट, वर सायटिंगचे, म्हणजे निशाणा जुळवायचे, वेगळे. त्यामुळे कोणत्याही मुलाला पहिले दोन महिने बोल्ट जडच वाटतो, चांगल्यातला चांगला दिला तरी.

आता मुद्द्याचं. बोल्ट मऊ असला म्हणून गोळी जास्त नेमकी जाते असं नाही. रायफल शिकंज्यात घट्ट बांधा आणि तेच काडतूस वापरून दहा-दहा शॉट मारा, एकदा खरखरीत बोल्टनं आणि एकदा गुळगुळीत बोल्टनं, बोल्ट बंद झाल्यावर दोन्ही वेळा जर तो त्याच जागी तसाच बसत असेल तर कागदावर फरक दिसणार नाही. गोळी कुठे जाणार ते बॅरल, काडतूस, ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो सांगाडा) स्टॉकमध्ये, म्हणजे दस्त्यात, कशी बसलीय ते आणि ट्रिगर, हे ठरवतात. बोल्ट मागेपुढे जाताना कसा वाटतो याचा त्या क्षणाशी संबंध नाही, तेव्हा तो आपल्या जागी बसून राहिलेला असतो.

पण मग चांगले शूटर एवढे बोल्टच्या मागे का लागतात? कारण रायफल शिकंज्यात नसते, माणसाच्या खांद्यात असते. ५० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढा धरा. झोपून मारताना डावं कोपर जमिनीवर रुतलेलं, स्लिंग दंडाला ताणलेली, बट खांद्याच्या खोबणीत, गाल चीक-पीसवर, आणि हे सगळं एकदा जमलं की चांगला शूटर २० शॉट होईपर्यंत ते मोडत नाही, रायफल खांद्यातच ठेवतो आणि फक्त उजवा हात हलवतो. अशा वेळी हँडल उचलायला जोर लागला की काय होतं, रायफल डावीकडे कलते, बट खांद्यात किंचित सरकते, कोपराखालची चटई चुरगळते. शॉट तर अजून मारलेलाच नाही पण पोझिशन बदलली. मग पोरगी काय करते, स्नायूंनी रायफल परत मध्यावर खेचून आणते, आणि खेचून आणलेली रायफल ट्रिगर सुटताना आपल्या मूळ जागी परत जायला बघते. तो नऊ असतो. कधी आठ. घरी सगळे म्हणतात ट्रिगर ओढला असणार, आणि बिचारी ट्रिगरवर मेहनत घेत बसते.

म्हणून बोल्टचा मऊपणा दुकानात उभं राहून तपासायचाच नाही, जिथे लागतो तिथेच तपासायचा. तुमच्या मुलीला मॅटवर झोपवा, जॅकेट घालून, स्लिंग लावून, रायफल रिकामी आहे हे कोचनं स्वतः बघून. टार्गेटच्या काळ्या गोलावर नीट निशाणा धरायला सांगा. मग डोळे मिटून, रायफल खांद्यातून न काढता, बोल्ट उघडायचा, बंद करायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. निशाणा कुठे आहे? तो काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा असतो. त्याच्या आतच थोडा इकडेतिकडे झाला असेल तर ठीक आहे, सरावानं सुधारेल. पूर्ण बाहेर पांढऱ्यावर गेला असेल आणि दहातल्या सात-आठ वेळा त्याच दिशेला जात असेल तर मात्र काहीतरी दुरुस्त करायला हवं. हीच परीक्षा त्या दुसऱ्या मुलाच्या रायफलवर घ्या. मी पैज लावून सांगतो, तिथेही निशाणा हलेल.

आणि दुरुस्त करायचं ते बहुतेक वेळा बोल्टमध्ये नसतंच. माझ्याकडे "बोल्ट कडक आहे" म्हणून जेवढी लहान मुलं आली त्यातल्या पुष्कळांचा स्टॉक लांब होता. मोठ्या माणसासाठी लावलेलं बट-प्लेट, त्यात १४ वर्षांचं पोर, हात पूर्ण ताणल्याशिवाय हँडल मागे जातच नाही. ताणलेल्या हातात जोर राहत नाही ना, बादली अंगाजवळ धरून उचलून बघा आणि हात लांब करून उचलून बघा. बट-प्लेट आत घ्या, मागे-पुढे होणारं असतंच ते. मग हँडलच्या टोकाचा गोळा बघा, तो बदलता येतो, थोडा लांब आणि मोठा लावला की तेवढाच बोल्ट हलका वाटतो, साधं तरफेचं गणित आहे. आणि हँडल मुठीत धरायची सवय मोडा. मुठीत धरलं की मनगट फिरतं आणि मनगटाबरोबर खांदा. तर्जनीच्या मुळाशी जो तळव्याचा भाग आहे त्यानं वर ढकलायचं, दोन बोटांनी मागे घ्यायचं, अंगठ्यानं पुढे.

एवढं करूनही उचलायला जड असेल तर साफसफाईकडे या. .२२ च्या काडतुसाची शिशाची गोळी बाहेरून मेणासारख्या थराची असते, ते मेण, शिसं आणि जळका कार्बन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडाशी साचतो आणि तिथे एक कडं तयार होतं. क्लबच्या रायफलमध्ये तर हमखास, कारण वापरणारे दहा, साफ करणारा एकही नाही. ओळख सोपी आहे. रिकामा बोल्ट मजेत उघडतो पण शॉट मारल्यावर काडतुसाचा रिकामा खोका अडकल्यासारखा वाटतो, म्हणजे दोष चेंबरमध्ये आहे, बोल्टमध्ये नाही. रिकामा असतानाही जड, तर मग बोल्टचा कॉकिंग कॅम, म्हणजे हँडल उचलताना स्प्रिंग दाबणारा उतार, कोरडा पडलाय, जुनं ग्रीस गोंदासारखं झालंय, किंवा स्प्रिंग. बोल्ट काढून जुनं ग्रीस पुसायचं, कॅमला आणि लगच्या (बोल्टला जागी अडकवणाऱ्या उंचवट्यांच्या) मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं नवं ग्रीस, बाकी अंगाला तेलाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. जास्त तेल नको, ते चेंबरमध्ये उतरतं.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. बंद करताना अगदी शेवटी, काडतूस आत असताना, थोडा अडसर लागतो. मॅच रायफलचं चेंबर मुद्दाम इतकं तंग केलेलं असतं की गोळीचं नाक बॅरलच्या खाचांत किंचित रुतावं, म्हणजे दर वेळी गोळी सरळ आणि त्याच जागेवरून निघते. तो अडसर काढून टाकायला कुणी सांगितलं तर त्याच्या हातात रायफल देऊ नका.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा पोरगा, आणि आपल्या मालव्याच्या शेजारचा, खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या अकादमीतून त्याच स्पर्धेत उतरला होता. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. हे सगळं बघून पालकांना वाटतं की साधन भारी घेतलं पाहिजे. घ्या ना, पण पोरगी अजून वाढतेय, वर्षभर या जुन्या रायफलवर तिची पोझिशन बसू दे, तिला स्वतःलाच सांगता यायला लागेल की काय अडतंय. तेव्हा तिला विचारून घ्या.

प्रश्न: आजोबांची माउजर ॲक्शनची स्पोर्टिंग रायफल लायसन्सवर माझ्या नावावर आहे. बोल्ट मागे ओढला की चक्क डगमगतो, वर-खाली, डावी-उजवीकडे. मित्राकडे .३१५ आहे, तिचा बोल्ट उचलायला हलका पण बंद करताना शेवटी जोर लागतो. दोन्हीत चांगली कोणती? आणि व्हॉल्व्हला लावतात ती पेस्ट लावून बोल्ट घासला तर मऊ होतो असं ऐकलंय, करू का? — एक वाचक, देवास

पेस्टचं आधी. नका करू. कृपा करून नका करू, हे पत्र वाचून मी त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं होतं.

सांगतो का ते. बोल्टच्या पुढच्या टोकाला जे दोन लग असतात तेच सगळा स्फोट अडवून धरतात. जुन्या माउजरचं पोलाद आतून मऊ, चिवट आणि वरून फक्त एक पातळ कडक कातडी दिलेली, तसंच ते मुद्दाम केलेलं असतं. पेस्टनं ती कातडी घासली गेली की खालचा मऊ धातू उघडा पडतो, मग दर शॉटला तो थोडा थोडा दबत जातो. शिवाय लग घासले म्हणजे बोल्ट तेवढा मागे बसणार, काडतुसाच्या मागे पोकळी वाढणार, खोका ताणला जाणार आणि एक दिवस मधूनच फाटणार. माझ्या ओळखीच्या एकानं सियागंजातून पेस्ट आणून असंच केलं होतं, दोन रविवार घासत बसला, बोल्ट खरंच छान सरकायला लागला, सगळ्यांना दाखवत होता. तिसऱ्या की चौथ्या काडतुसाला खोका बुडाशी तुटला आणि गरम वायू मागे आला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. ती रायफल मग कायमची बंद करून ठेवावी लागली आणि बोल्ट बदलून मिळण्यासारखा नव्हता. दुरुस्ती करायचीच तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडे, घरी किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे बिलकुल नाही, ते कायद्यातही बसत नाही.

आता डगमगण्याचं. तो दोष नाहीये! माउजर ९८ चा बोल्ट मागे ओढल्यावर सैल असायलाच हवा, १८९८ मध्ये ही रायफल चिखलात लोळणाऱ्या सैनिकासाठी बनली, वाळू, माती, थंडीत घट्ट झालेलं ग्रीस सगळ्यातून बोल्ट चालला पाहिजे म्हणून मागे असताना मोकळीक ठेवली. तो पुढे जातो तसा सावरत जातो आणि बंद झाला की दगडासारखा. तुम्ही बोल्ट बंद करून हँडल हलवून बघा, तिथे जर डगमगत असेल तर मला परत लिहा. उघडा असताना डगमगतो याची काळजी करू नका. पण एक आहे, अशा सैल बोल्टला ढकलताना हात तिरका पडला, म्हणजे पुढे ढकलायच्या ऐवजी वर किंवा बाजूला दाब गेला, की तो वाटेत अडकतो, आपली जुनी लाकडी ड्रॉवर नाही का एका कोपऱ्यातून ढकलली की फसते, तस्संच. म्हणून पुष्कळांना माउजर खरखरीत वाटते. हँडलच्या बुडाशी, सरळ रेषेत, न घाबरता एका झटक्यात ढकला, बघा कशी जाते.

आणि तुमच्या मित्राची .३१५. ती आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीची, आतून ली-एनफिल्डच्या घराण्यातली. .३०३ हे फौजी काडतूस सामान्य माणसाला मिळत नाही म्हणून .३१५ आलं. ली-एनफिल्डमध्ये स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट बंद करताना, माउजर ९८ मध्ये दाबली जाते ती हँडल उचलताना. स्प्रिंग तर दोघींनाही दाबावीच लागते, फक्त कुठे दाबायची ते वेगळं. म्हणून .३१५ उचलायला हलकी, साधारण ६० अंशच उचलायची, आणि बंद करताना जड. माउजर ९० अंश उचला, तेव्हा जड, मग बंद करताना हलकी. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजांच्या फौजेत पहिल्या महायुद्धाआधी ली-एनफिल्डवर मिनिटाला १५ नेमके शॉट, ३०० यार्डांवर, असा सराव करून घ्यायचे, आणि शिकलेले शिपाई ते करायचे. बंद करताना अख्खा हात पुढे जातच असतो, त्याच जोरात स्प्रिंगही दाबली जाते, त्यामुळे पटापट मारायला ती पद्धत फार सोयीची पडायची.

मऊ बोल्टबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, मला ती फार शिकवून गेली. नॉर्वेच्या क्राग आणि योर्गेनसेन या दोघांनी बनवलेली रायफल, क्राग-योर्गेनसेन, तिच्या बोल्टइतका मऊ बोल्ट आजही शोधून सापडत नाही असं जाणकार म्हणतात, मी एकदाच हातात घेतली आहे आणि मला ते पटतं. डेन्मार्कनं १८८९ ला घेतली, अमेरिकेनं १८९२ ला, नॉर्वेनं १८९४ ला. पुढे १८९८ ला अमेरिका क्युबामध्ये स्पेनशी लढली, स्पेनच्या शिपायांकडे ७ मिलिमीटरची माउजर होती, बोल्ट क्रागएवढा गुळगुळीत नाही, पण पाच काडतुसं क्लिपमधून एका दाबात आत जायची. क्रागमध्ये बाजूचं झाकण उघडून सुटी काडतुसं टाकावी लागायची. आणि क्रागच्या बोल्टला पुढे एकच लग होता, बोल्ट मऊ चालायचं तेही एक कारण, पण म्हणूनच जास्त जोराचं काडतूस त्याला पेलवेना. लढाईनंतर अमेरिकेनं क्राग बाजूला ठेवली आणि १९०३ ची स्प्रिंगफिल्ड माउजरच्याच धर्तीवर बनवली, एवढी की माउजर कंपनीला रॉयल्टी द्यावी लागली. म्हणजे बघा, मऊपणा होता पण पहिल्या पाच काडतुसांनंतर तो उपयोगाला आला नाही. तुमच्या आजोबांची रायफल त्या जिंकलेल्या घराण्याची आहे, तिला घासू नका हो.

आजोबांच्या काळी आपल्याकडे शिकार व्हायची, तेव्हा या डगमगत्या बोल्टचं आणखी एक महत्त्व होतं. माउजरच्या बोल्टला बाजूनं एक लांब पोलादी पंजा असतो, काडतूस मॅगझिनमधून वर आलं की तो लगेच त्याचा काठ धरतो आणि चेंबरमध्ये जाईपर्यंत सोडत नाही. घाबरलेल्या माणसानं बोल्ट अर्धाच पुढे नेऊन परत ओढला तरी एकावर एक दोन काडतुसं फसत नाहीत. समोर अस्वल किंवा रानडुक्कर असताना बोल्ट मऊ आहे का हे कोण बघतंय, दुसरं काडतूस नक्की आत गेलं पाहिजे. आफ्रिकेत मोठ्या जनावरांच्या शिकारीला आजही ही पद्धत लोक मागून घेतात ती याचसाठी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला, आणि संपला ते योग्यच झालं. रायफल मात्र जपा, वर्षातून चार वेळा पुसा, रेंजवर नेऊन चालवायची असेल तर आधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली जागा, मोजून घ्या, एवढ्या जुन्या रायफलीचं ते करायलाच हवं.

प्रश्न: मी मूळचा इंदूरचा, शाळा-कॉलेज तिथलंच, आता चार वर्षं नोकरीसाठी फिनलंडला आहे. इथले ऑफिसातले मित्र मूसच्या (हरणाच्या जातीतल्या मोठ्या जनावराच्या) शिकारीला जातात, मलाही बोलावतात, मी परीक्षा पास झालोय. एक जण म्हणतो इथली टिक्का रायफलच घे, बोल्ट बघ कसला आहे, दुसरा म्हणतो जुनी घे अर्ध्या किमतीत, बोल्टचं कौतुक कशाला. घरी आईला अजून सांगितलं नाहीये. काय करू?

आईला आधी सांगा. तिथे ती कायदेशीर गोष्ट आहे, जंगल राखायचा भाग आहे, मांस वाटून घेतात, हे नीट समजावून सांगा, लपवून ठेवलेलं पुढे फार जड जातं.

आता रायफल. तिथे मूससाठी जी शूटिंग टेस्ट असते ती तुम्ही दिली असेलच किंवा द्याल, ७५ मीटरवर चार शॉट, २३ सेंटिमीटरच्या गोलात, ९० सेकंदांत. म्हणजे एका शॉटला वीस-बावीस सेकंद. एवढ्या वेळात गंजलेला बोल्टसुद्धा चालवून होतो. टेस्टसाठी मऊ बोल्ट लागतच नाही. शिकारीत लागतो का? थोडासा. पहिला शॉट नीट बसला तर लागत नाही, आणि पहिला नीट बसवणं हेच तुमचं काम आहे, पण मोठं जनावर पहिल्या गोळीनंतरही काही अंतर चालतं आणि ते उभं असेपर्यंत दुसरी मारता आली पाहिजे, त्याला त्रास कमी होतो. तिथे रायफल खांद्यातच ठेवून, डोळा दुर्बिणीवर ठेवून बोल्ट चालवता आला पाहिजे. पुष्कळ नवे लोक रायफल खाली घेतात, बोल्टकडे बघत चालवतात, परत वर घेतात, तोवर जनावर झाडीत. हे बोल्टच्या मऊपणापेक्षा सवयीचं आहे. नकली काडतुसं मिळतात, ती घेऊन घरी भिंतीकडे तोंड करून रोज वीस वेळा, आधी दोनदा तपासून की खरं काडतूस खोलीतही नाही.

टिक्काचं तुमच्या मित्राचं म्हणणं खोटं नाही. रिहिमॅकीला साकोच्या कारखान्यात बनते, जवळच आहे तुमच्या, आणि त्या किमतीत तसा बोल्ट दुसरा कुणी देत नाही हे मी खुशाल लिहितो. पण तो कशानं मऊ आहे ते बघा. बोल्ट आणि त्याचा मार्ग यांत फट कमी आहे, पृष्ठभाग नीट केलेले आहेत, त्यामुळे तो सरळ जातो, फसत नाही. हँडल मात्र ७० अंशच उचलायचं असतं, वर दुर्बिणीला हात लागू नये म्हणून, आणि स्प्रिंग तीच कमी फेऱ्यात दाबायची म्हटल्यावर उचलताना जोर थोडा जास्तच लागतो. म्हणजे सरकायला मऊ आणि उचलायला कडक, एकाच बोल्टमध्ये दोन्ही. दुकानात लोक फक्त सरकवून बघतात आणि खूश होतात. तुम्ही नकली काडतुसं मॅगझिनमध्ये भरून, रायफल खांद्याला लावून, जाड हातमोजे घालून बघा. काडतूस मॅगझिनच्या ओठांतून सुटताना अडतंय का, रिकामा खोका पूर्ण लांब फेकला जातोय का, हातमोज्यात गोळा सापडतोय का. जुन्या रायफलवर हेच करा. जुनी रायफल या तिन्हींत पास झाली तर जुनी घ्या आणि वाचलेल्या पैशात काडतुसं घेऊन उन्हाळाभर रेंजवर जा, माझं मत विचाराल तर हेच.

थंडीचं विसरू नका. उणे २० ला बोल्टमधलं साधं ग्रीस घट्ट होतं, कारखान्यात कितीही मऊ असो. फायरिंग पिनच्या आतलं सगळं पुसून कोरडं ठेवतात तिथले लोक, किंवा थंडीचं खास पातळ तेल अगदी नावाला. आणि रायफल बाहेरून आणून लगेच गरम खोलीत उघडू नका, तिच्यावर घाम धरतो, तोच दुसऱ्या दिवशी बाहेर गोठतो आणि मग बोल्ट अजिबात हलत नाही.

प्रश्न: टीव्हीवर बायथलॉन बघितलं. बर्फावर स्की करून येतात आणि बोल्ट नुसता मागेपुढे करतात, वर उचलतच नाहीत. मग आपले ५० मीटरवाले तसा का घेत नाहीत? — कॉलेज विद्यार्थी, विजय नगर, इंदूर

छान निरीक्षण आहे. ती फोर्टनर ॲक्शन, आन्शुट्झ कंपनीच्या बायथलॉन रायफलीत असते. तर्जनीनं हँडल मागे खेचायचं, अंगठ्यानं पुढे ढकलायचं, बस. बायथलॉनमध्ये १९७८ पासून .२२ आली, ५० मीटरवर पाच टार्गेट, झोपून मारताना ४५ मिलिमीटरचं आणि उभ्यानं ११५ चं, आणि चांगले खेळाडू पाचही शॉट अर्ध्या मिनिटाच्या आत आटपतात, धापा टाकत. चुकलं की बहुतेक स्पर्धांत वेगळी फेरी मारावी लागते. तिथे सेकंद मोजले जातात, सेमी-ऑटोमॅटिकला परवानगी नाही, म्हणून बोल्टमधून जेवढा वेळ वाचेल तेवढा वाचवायचा.

आपल्या ५० मीटरला टार्गेट त्याच अंतरावर पण दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, आणि ६० शॉटना दीड तास. कुणी घाईत नाही. तिथे साधा फिरवायचा बोल्ट, ज्याचं बंद होणं दर वेळी अगदी सारखं असतं, तोच पुरतो. जर्मनीची ब्लेझर कंपनी शिकारीच्या रायफलीतही सरळ ओढायचा बोल्ट देते, १९९३ ला आर ९३ आणि २००८ पासून आर ८, कारण तिकडे हाका घालून पळत्या रानडुकरावर मारतात आणि दुसरा शॉट फार लवकर लागतो. हे सगळं बघितलं की तुम्हालाच लक्षात येईल की कुठे बोल्टवर पैसे घालायचे आणि कुठे काडतुसांवर.

महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, लंडन २०१२ चा सिल्व्हरवाला विजय कुमार तेव्हा तिथलाच होता, पिस्तुलाचा. आपल्या इंदूरहून ते पंचवीस किलोमीटरच्या आत. एखाद्या स्पर्धेला प्रेक्षकांना सोडतात तेव्हा जाऊन बसा, टार्गेटकडे बघू नका, शूटरच्या उजव्या हाताकडे बघा, शॉट सुटल्यापासून पुढचं काडतूस आत जाईपर्यंत. बघून आलात की मला लिहा काय दिसलं, पुढच्या अंकात छापतो.